आधी जुनं बाहेर

माणसाचं आयुष्य कुठे सुधारायला लागेल याचा काही नेम नाही. भांडारबाबूंचं न्हाव्याच्या दुकानात सुधारायला लागलं.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. भांडारबाबू बाकावर बसले आणि वेळ जावा म्हणून त्यांनी शेजारचं एक जुनं मासिक उचललं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं, आणि मागची बरीच पानं वस्तऱ्याचा साबण पुसण्याच्या कामी आली होती. जी उरली होती त्यांत एक लेख होता. लेखकाचं म्हणणं असं की आपण वस्तू घेतो त्या लहर आली म्हणून, नाहीतर शेजाऱ्याने घेतली म्हणून. त्यापेक्षा जरा शांत बसावं. आपल्याला कसं जगायचंय ते मनाशी ठरवावं. आणि तसं जगायला हात देतील अशा मोजक्या वस्तूंची एक इच्छायादी करावी. यादी झाली की मग लगेच...

इथे पान संपलं. पुढचं पान कुणाच्या तरी दाढीला गेलं होतं.

दुसऱ्या कुणी न्हाव्याला विचारलं असतं, 'पुढे काय होतं हो?' भांडारबाबूंना तशी गरज वाटली नाही. यादीनंतर काय करायचं असतं हे त्यांना शिकवणारा अजून जन्माला यायचा होता.

कारण त्यांची सगळी हयात यादीनंतरच्या कामातच गेली होती. एका मोठ्या ऑफिसचं भांडार ते सांभाळत. टाचणीपासून तिजोरीपर्यंत ऑफिसात जे जे म्हणून येई, ते त्यांच्या हातून येई, आणि जे बाहेर जाई तेही त्यांच्याच हातून. (म्हणून तर सगळे त्यांना भांडारबाबू म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या दिवशी वापरात यायचं.) आणि त्या भांडाराचा नियम एकच होता : जुनी वस्तू निकामी ठरवून बाहेर काढल्याशिवाय नवी मागवायची नाही. या बाहेर काढण्याला कागदोपत्री निर्लेखन म्हणतात. तीन माणसांची समिती बसते, वस्तू उलटीसुलटी करून बघते, सह्या करते, आणि वस्तूच्या पाठीवर 'निर्लेखित' असा शिक्का बसतो. शिक्का नसला तर तीन पायांची खुर्चीसुद्धा खुर्चीच. शिक्का बसला की ती खुर्ची नव्हेच, मग भले साहेब तीवर बसलेले का असेनात.

तर मान हलकी करून भांडारबाबू घरी आले, आणि चपला काढता काढता त्यांनी जाहीर केलं, "आजपासून आपण आयुष्य सुधारणार आहोत."

"केस छान कापलेत," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"केसांचं नाही म्हणत मी. आयुष्याचं. प्रत्येकाने आपली इच्छायादी द्यायची. चैनीच्या वस्तू नकोत. अर्थपूर्ण वस्तू. जी आली की माणूस आतून बदलेल अशी."

कॉलेजात जाणारी लेक कोपऱ्यात पाय पसरून अभ्यास करत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "बाबा, माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी. ती अर्थपूर्ण आहे का?"

"कडीने माणूस आतून कसा बदलेल?"

"मी नाही बदलणार. तुम्ही बदलाल. बाहेरच थांबाल."

भांडारबाबूंनी कडी लिहून घेतली. मग स्वतःच्या वस्तू लिहिल्या. वाचनाची खुर्ची, कारण तिच्यात बसून ते वाचणार होते. (काय वाचणार होते ते खुर्ची आल्यावर ठरणार होतं.) नवा सोफा, म्हणजे माणसं घरी येतील. मोठं जेवणाचं टेबल, म्हणजे तिघं एकत्र बसून एकमेकांशी बोलतील. शांत झोपेसाठी नवा पलंग. कपडे दिसतील असं कपाट. आणि चारी दिशांना वारा घालणारा पंखा.

"आता तू सांग," ते बायकोला म्हणाले.

"मला काही नको."

"असं चालत नाही. प्रत्येक विभागाची मागणी आलीच पाहिजे."

बायकोने हात पुसले. क्षणभर थांबून ती म्हणाली, "मग लिहा. वन्सं घरी याव्यात."

भांडारबाबूंचं पेन थबकलं. मग त्यांनी तेही लिहिलं आणि पुढे शेरा मारला : बाजारात उपलब्ध नाही.

आता ही वन्संची गोष्ट सांगायलाच हवी. भांडारबाबूंची थोरली बहीण, ताई, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. शिवणाचा वर्ग चालवायची, आणि माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या कमरेचं माप नजरेने घ्यायची. स्वभावाने कडक, पण धाकट्या भावावर भारी जीव. एकदा पडदे लावायचे म्हणून ती भावाकडे घडीची शिडी मागायला आली. भांडारबाबूंनी आनंदाने शिडी काढली, पुसली, खालपर्यंत आणून दिली. आणि रिक्षा सुरू होणार एवढ्यात खिशातून कागद काढून पुढे केला : 'शिडी, एक, सुस्थितीत, परतीच्या बोलीवर मिळाली.' खाली सहीसाठी रेघ.

ताईने तो कागद वाचला. पुन्हा वाचला.

"धाकट्या, सख्ख्या बहिणीकडून सही घेतोस?"

"सगळ्यांकडूनच घेतो," भांडारबाबू प्रामाणिकपणे म्हणाले.

ताई शिडी तिथेच टाकून गेली, ती आजतागायत परत आली नव्हती. भांडारबाबूंनी शिडी वर नेऊन ठेवली आणि कागदावर 'नेली नाही' असं लिहिलं. त्यांना वाटलं, विषय संपला.

बायकोला तसं वाटलं नाही. तिला वाईट वाटायला फार मोठं कारण लागत नसे आणि आशा वाटायला तर मुळीच लागत नसे. तिने मनाशी नेम धरला : वन्सं या घरात येऊन चहा घेत नाहीत, तोवर आपल्या चहात साखर घालायची नाही. कुणाला काही बोलली नाही. रोज सकाळी हात जोडायची, बिनसाखरेचा चहा प्यायची, आणि कपाळाला एवढीशीसुद्धा आठी पडू द्यायची नाही. अधूनमधून ती ताईला फोनही करायची. ताई सगळ्यांची चौकशी करायची, फक्त भावाची तेवढी नाही.

असो. यादी झाली. आता नियमाप्रमाणे पुढची पायरी.

"समिती बसवूया," भांडारबाबू म्हणाले. अध्यक्ष ते स्वतः. सदस्य बायको आणि लेक.

पाहणी सोफ्यापासून सुरू झाली. सोफा असा खचला होता की पाहुणा बसला की त्याचे गुडघे हनुवटीला लागत. "निकामी," अध्यक्ष म्हणाले. जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी होती. "निकामी." पंखा फक्त डावीकडे बघायचा. उजवीकडे वळायची वेळ आली की कुरकुर करून पुन्हा डावीकडेच जायचा. "निकामी." कपाटाचं दार उघडायला दोघं लागत, पलंग कूस बदलली की शेजाऱ्यांना कळवत असे, आणि खुर्च्यांबद्दल तर बोलायलाच नको.

"अहो," बायको म्हणाली, "नवीन आल्यावर हे काढलं तर?"

"नवीन येणारच नाही! जागाच नाही तर येईल कसं? आधी जुनं बाहेर. एकदा का रिकामी जागा दिसली, की मागणीला वजन येतं."

"मागणी करणार कुणाकडे? देणारे तुम्हीच ना?"

भांडारबाबूंनी तिच्याकडे दयेने पाहिलं. (ऑफिसात हा प्रश्न विचारणाऱ्या नव्या माणसाकडे ते असंच बघत.)

लेकीने सही करायच्या आधी विचारलं, "कडी लागणार ना नक्की?" लागणार, असं अध्यक्षांनी कबूल केलं. मग तिने सगळ्यांवर सह्या ठोकल्या.

शनिवारी सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. माल बघून त्याचे डोळे मोठे झाले. "साहेब, घर बदलताय का?"

"आयुष्य बदलतोय," भांडारबाबू म्हणाले आणि स्वतः सोफ्याचं एक टोक धरून जिन्याने उतरू लागले. खेपा घालता घालता त्यांचा शर्ट घामाने भिजला, पण चेहरा असा खुलला होता, जसा लेकीचं लग्न पार पडल्यावर खुलावा. शेवटची खेप गेल्यावर ते वर आले, बैठकीच्या खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "बघ! कशी जागा झाली!"

"झाली... झाली... झाली..." खोली म्हणाली. एवढी रिकामी ती बांधली तेव्हापासून झाली नव्हती.

मग ते फर्निचरच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस. त्याने सगळं दाखवलं, चहा पाजला, यादीचं कौतुकही केलं. "पण साहेब, हे तयार नसतं. ऑर्डर दिली की सुतार बनवायला घेणार. महिना-दीड महिना तरी धरा."

भांडारबाबूंना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या ऑफिसातला जमाखर्च विभाग एकदा नव्या खुर्च्या येईपर्यंत अख्खा उन्हाळा उभ्याने काम करत होता, आणि काम बरं झालं होतं. सोफ्याची आणि पलंगाची ऑर्डर देऊन, बाकीचं टप्प्याटप्प्याने घेऊ असं ठरवून ते शीळ घालत घरी आले.

दारातच बायको उभी. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू आणि हातात फोन.

"वन्सं येतायत."

"कोण?"

"वन्सं! उद्या सकाळी! इकडे काही काम आहे त्यांचं. म्हणाल्या, उभ्या उभ्या येऊन जाईन, बसणार नाही."

"मग तर काही प्रश्नच नाही," आतून लेक म्हणाली. "बसायला आहेच कुठे काय?"

नवराबायको दोघांनीही खोलीकडे पाहिलं. चारी भिंती त्यांच्याकडे पाहत होत्या. कपाट गेल्यामुळे कपड्यांचे ढीग भिंतीलगत मांडून ठेवले होते. गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या होत्या. जेवणाचं टेबल होतं तिथे फरशीवर चार फिक्या खुणा उरल्या होत्या.

बायको हळूच म्हणाली, "अहो, एवढ्या वर्षांनी त्यांचा पाय लागतोय घराला. आणि त्यांना कळलं, तुम्ही नियमाने घर रिकामं केलंत... पहिल्या वेळी सहीवरून गेल्या. आता समितीवरून जातील."

भांडारबाबूंनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. ते तसेच उलट पावली भंगारवाल्याकडे धावले. भंगारवाल्याने त्यांना अंगणात नेलं. सोफा एका बाजूला लाकूड, एका बाजूला काथ्या आणि एका बाजूला खिळे अशा स्वरूपात शिल्लक होता.

"हे परत जोडता येईल का?"

"साहेब, ह्याला मी हात लावला तेव्हा तो आपणहून सुटला."

मग भांडारबाबू शेजारीपाजारी फिरले. समोरच्या शिक्षिकाबाईंकडे खुर्च्या होत्या, पण त्यांना नुकताच रंग दिलेला, ओला. खालच्या डॉक्टरांकडे होत्या त्या दवाखान्यात. वरच्या मजल्यावरून एक ठेंगणं प्लास्टिकचं स्टूल तेवढं मिळालं, तेही तिथल्या आजोबांच्या नातवाने पायरीपर्यंत मागे मागे येऊन रडत दिलेलं.

रविवारी सकाळपर्यंत बायकोने आशा सोडली नाही. दोन सुटकेसी शेजारी शेजारी ठेवून त्यांवर गोधडी घातली, वर स्वच्छ चादर. गुंडाळलेली गादी मागे टेकायला. इस्त्रीचं टेबल उघडून त्यावर फुलदाणी. दुरून बघितलं तर काहीतरी आहे असं वाटत होतं.

"जवळून बघितलं तर?" लेकीने विचारलं.

"जवळून बघायच्या आत चहा देऊया," बायको म्हणाली.

बेल वाजली. ताई आत आली, मागून दाजी. ताईने दारातच उभं राहून एकदा सगळीकडे नजर फिरवली. नजरेने माप घ्यायची सवयच ती. पण या खोलीत माप घ्यायला काही नव्हतंच. ती नजर चारी भिंतींना लागून भावावर येऊन थांबली.

"धाकट्या, हे काय?"

आवाज खोलीत घुमला. भांडारबाबूंना रात्रभर पाठ केलेलं काहीच आठवेना.

"जरा... मोकळं ठेवलंय सध्या."

"सोफा कुठेय?"

"गेला."

"टेबल?"

"तेही. कालच सगळं घेऊन गेले."

"कोण घेऊन गेले?"

"माणसं आली होती. गाडी घेऊन."

"आणि तू नुसता बघत राहिलास?"

"नुसता कसा? मीच खाली उतरवायला हात लावला."

ताईने छातीवर हात ठेवला. दाजींनी उगाचच टोपी काढली.

"झोपता कशावर?"

"खालीच. पाठीला चांगलं असतं म्हणतात."

"ऑफिसात सगळं ठीक आहे ना रे?" ताईचा आवाज खाली आला.

"ऑफिसात काय, तिथेही हेच. जुनं ते सगळं काढून टाकायचं चाललंय."

"म्हणजे तुलासुद्धा...?"

"छे छे! माझ्यावर कोण शिक्का मारतंय? अजून नंबर लागला नाही माझा."

आपण विनोद केला असं भांडारबाबूंना वाटलं. ताईला तसं वाटलं नाही. ती सरळ पुढे आली आणि तिने भावाचा हात हातात घेतला. शिडीच्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच.

"वेडा कुठला. एवढं सगळं झालं आणि बहिणीला एक शब्द कळवला नाहीस? मी तिकडे फुगून बसले होते आणि इथे तुम्ही फरशीवर..." ती त्या चादरीवर बसली. सुटकेस 'कर्रर्र' म्हणाली. ताई तशीच बसून राहिली. "मी बसणार नाही म्हणाले होते ना? बसले बघ. आता उठणार नाही. चहा टाक गं."

आत्ता कुठे भांडारबाबूंच्या ध्यानात आलं की बहिणीने काय समज करून घेतलाय. त्यांचा चेहरा लाल झाला. नोकरी गेली? त्यांची? ज्यांच्या सहीशिवाय साहेबांना पेन्सिल मिळत नाही त्यांची? त्यांनी घसा खाकरला. "ताई, तुझा जरा गैरसमज होतोय. खरं म्हणजे मी एक यादी..."

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. हातात साखरेचा डबा घट्ट धरलेला. ती नुसती बघत राहिली, मोठ्या आशेने, जणू त्या डब्याचं झाकण उघडायचं की पुन्हा फळीवर ठेवायचा हे आता त्यांनीच सांगायचं होतं.

भांडारबाबूंनी बायकोकडे पाहिलं. मग ताईच्या हाताकडे, जो अजून त्यांच्या हातात होता. यादी म्हटली की समिती सांगावी लागणार. समिती म्हटली की सह्या. आणि सही म्हटली की ताई उठणार, पायात चपला सरकवणार, आणि या वेळची गेलेली परत येणार नाही.

"कसली यादी?" ताईने विचारलं.

"यादी... संपली," भांडारबाबू म्हणाले. "काही राहिलंच नाही यादीत." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या खात्याची अब्रू वाऱ्यावर सोडली. मान खाली घातली आणि ते गरीब दिसायचा प्रयत्न करू लागले. (तो त्यांना विशेष करावा लागला नाही. काल जिन्यात सोफ्याने पाठ धरली होती.)

चहा आला. ताईने घोट घेतला. बायकोने आपल्या कपात एक चमचा साखर घातली, डोळे मिटले, आणि मग अजून एक घातली.

"आई, किती गोड!" लेक म्हणाली.

"हो ना," आई म्हणाली.

ताई मग कपबशा घेऊन स्वयंपाकघरात गेली. 'मी विसळते, तू बस' असं भावजयीला म्हणत लेकीला तेवढं मदतीला घेऊन गेली. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला. बाहेर दाजी भांडारबाबूंच्या जवळ सरकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या दोन विजारी आहेत. कमरेला थोड्या सैल होतील. लाज वाटून घेऊ नका." भांडारबाबूंनी लाज वाटून न घेता मान डोलावली. आतून ताई पदराने डोळे टिपतच आली. जाताना तिने भावाच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "तू काही काळजी करू नकोस, धाकट्या. आता मी बघते."

पुढच्या रविवारी तिने बघितलं. सकाळीच खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. मागे ताईच्या घरचं सामान खच्चून भरलेलं, वर दोरीने बांधलेलं.

"ताई, अगं हे कशाला..." भांडारबाबू गॅलरीतून ओरडले.

"गप्प बस. सख्ख्या भावाने फरशीवर बसायचं आणि मी सोफ्यावर?"

सोफा वर आला. त्यावर कोणे एके काळी मोठी मोठी फुलं होती. आता फुलांच्या जागा शिल्लक होत्या. भांडारबाबू त्यावर बसले आणि लगेच उठले, कारण खालून एक स्प्रिंग त्यांची ओळख करून घ्यायला वर आली होती. त्यांच्या आधीच्या सोफ्याने निदान असा जाब कधी विचारला नव्हता. मग टेबल आलं. त्यांच्या जुन्या टेबलाचा एक पाय आखूड होता, याचे चारही पाय वेगवेगळ्या उंचीचे होते. कपाटाला दार होतं पण किल्ली नव्हती, आणि दार बंद होतं. पंखा तर कुठेच बघत नव्हता. मान टाकून उभा होता.

भांडारबाबूंचा उजवा हात शिवशिवायला लागला. इतक्या वर्षांची सवय, सगळ्या मालावर एका दमात शिक्का उठवावा असं त्यांना वाटलं. पण ते प्रत्येक वस्तूला 'वा' म्हणाले. पंख्याला तर दोनदा म्हणाले.

"आवडलं ना?" ताईने विचारलं.

"घर भरलं," भांडारबाबू म्हणाले. ते खरंच होतं.

त्यांनी त्या दुपारी दुकानदाराला फोन करून सोफ्याची आणि पलंगाची ऑर्डर थांबवायला सांगितली. बहिणीचा सोफा बाहेर काढून नवा आणायची त्यांची छाती नव्हती. पण स्वयंपाकघरात बायको आणि ताई काहीतरी करत, बोलत, हसत होत्या, लेक मधेच आत्याला काहीबाही सांगत होती. ते ऐकत भांडारबाबू त्या सोफ्यावर स्प्रिंग चुकवून तिरके बसले आणि त्यांना वाटलं, जाऊ दे. आपला आब गेला तर गेला. भाऊ म्हणून हा एवढा मोठेपणा आपण दाखवला, तो कुणाला कधी कळणारही नाही. या विचाराने त्यांना स्वतःबद्दल इतका आदर वाटला की त्यांचे डोळे पाणावले.

संध्याकाळी ताई निघाली. बायको तिला सोडायला फाटकापर्यंत गेली. भांडारबाबू गॅलरीत उभे होते. वाऱ्याचा रोख बरोबर होता, खालचं बोलणं वर येत होतं.

"वन्सं," बायको म्हणत होती, "माझ्याच्याने राहवत नाही. एक खरं सांगायचंय. ह्यांची नोकरी..."

"आहे. माहितेय मला."

"तुम्हाला कसं...?"

"अगं, पहिल्याच दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात गेले ना मी. सगळे डबे काठोकाठ भरलेले. मग तुझ्या लेकीला नळाशी धरलं. तिने समितीपासून कडीपर्यंत सगळं सांगितलं. हसू आवरेना म्हणून पदर तोंडावर धरून उभी होते."

"आणि तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावून किती वर्षं घालवायची? यायला काहीतरी निमित्त हवंच होतं मला. आणि तो बिचारा कसा गप्प बसला बघितलंस ना माझ्यासमोर, मान खाली घालून? माझ्यासाठी एवढं केलं त्याने. मग म्हटलं, आपणही त्याच्यासाठी काहीतरी करावं."

वर गॅलरीत भांडारबाबू ऐकायला आणखी पुढे वाकले.

"शिवाय," खाली ताई म्हणाली, "कधीपासून ह्यांच्या मागे लागले होते, नवीन सोफा घेऊ म्हणून. हे म्हणायचे, आधी त्या जुन्याची विल्हेवाट लाव. मी लावणार कशी? तुमचाच तो भंगारवाला, त्याला मुद्दाम बोलावून दाखवलं सगळं. खाली वाकून बघितलं त्याने, हात जोडले आणि म्हणाला, 'बाई, हे न्यायचं तर तुम्हीच मला काहीतरी द्या.' " तिने वर बघितलं. भाऊ गॅलरीत दिसताच तिचा आवाज मायेने भरून आला. "धाकट्या! पुढच्या रविवारी पलंग पाठवते हं! अनमान करू नकोस!"

भांडारबाबूंनी कठड्याला धरलं. खाली बायको त्यांच्याकडे बघून इतकं गोड हसत होती, की दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

"पाठव, ताई," ते म्हणाले. "उचलायला मीच येतो."